शकूताईला वारं लागलं नव्हतं

थंडी पडली की लोकांना हुरडा आठवतो. मला राग येतो.

दिवाळी सरते, हायवेवरच्या ट्रकवाल्यांच्या कानांवर मफलर चढतात, शाळू कमरेला लागतो आणि सकाळी ओसरीच्या फरशीवर पाय टेकवत नाही. माझ्या शाळेतली पोरं काखेत हात घालून प्रार्थनेला उभी राहतात आणि ‘हात खाली’ म्हटलं की थंडी मीच पाडल्यासारखी माझ्याकडं बघतात. जळकोटचा हा हिवाळा मलाही आवडायला हरकत नव्हती. पण एखाद्या सकाळी गल्लीत कुणाच्या तरी दारात शेगडी पेटते, कच्च्या कोळशाचा तो कडवट वास भिंतीवरून उतरून आमच्या अंगणात येतो, आणि माझ्या कपाळाची शीर उडायला लागते. “आली का तुझी थंडी?” असं आमचे हे दरवर्षी विचारतात. इतकी वर्षं मी या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. यंदा देणार आहे.

यंदा कारण घरातच आहे. माझी थोरली बहीण शकूताई माझ्याकडंच राहते. तिची एकुलती एक मुलगी पूजा पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडं आली, तुळजापूरला दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला, पेढे वाटून झाले. आणि बाळंतीण घरी आली म्हटल्यावर कौशीआत्याही आल्या. आत्या म्हणजे आमच्या वडिलांची, अण्णांची, थोरली बहीण. बेंबळीहून जीप करून आल्या. एका हातात काठी, कमरेला चंची, आणि जीपवाल्याच्या खांद्यावर गोणपाटात बांधलेलं बोचकं. आत्यांनी ते ओसरीवर ठेवायला लावलं, स्वतःच्या हातानं सुतळी सोडली, आणि आतून शेगडी निघाली. तीच शेगडी. बाजारात शंभर शेगड्यांत ठेवली असती तरी मी ती ओळखली असती.

“नव्या शेगड्यांचा पत्रा लई पातळ असतोय,” आत्या म्हणाल्या. “हिच्यावर आपल्या घरातली समदी बाळंतपणं झाल्याती. एक बी बिघडलं न्हाय.”

शकूताई तेव्हा शेजारीच उभी होती. तिच्या हातातली लाह्यांची परडी नेहमीसारखी थरथरत होती.

ज्यांचं आयुष्य गॅसवर गेलं त्यांना शेगडी म्हणजे काय ते सांगायला हवं. जाड पत्र्याची, बादलीएवढी, दोन बाजूंना उचलायला कड्या. आत मध्यावर लोखंडी जाळी. जाळीच्या वर कोळसा, खाली राख. राखेच्या बाजूला एक चौकोनी तोंड, आणि त्या तोंडावर खाचेत सरकणारी पत्र्याची पट्टी. तिला झडप म्हणतात. झडप उघडली की खालून वारा शिरतो आणि कोळसा फुलतो. झडप लावली की निखारा दबतो, धुमसत राहतो आणि खूप वेळ पुरतो. बाकी सगळी शेगडी नुसतं भांडं आहे. चालते ती झडपेच्या हुकमानं.

बेंबळीच्या माहेरच्या घरात ही झडप माझ्याकडं होती. कुणाकडं पाणी भरणं असतं, कुणाकडं दिवाबत्ती, माझ्याकडं झडप. राख खाचेत बसते, तिच्यावर दूध उतू गेलं किंवा पाणी सांडलं की ती दगडासारखी घट्ट होते, आणि मग झडप अर्ध्यावर अडकते. हॅक्सॉच्या तुटक्या पात्यानं खाच खरवडायची, झडप विटेच्या तुकड्यानं घासायची, जाळीचे गज हलवून बघायचे. तेल लावायचं नाही, कारण तापलं की घरभर वास सुटतो. त्याऐवजी मी दप्तरातली पेन्सिल काढायची आणि झडपेच्या दोन्ही कडांना शिसं घासायची. मग ती अशी सरकायची की एका बोटानं ढकलावी. आई ओरडायची की पेन्सिली शाळेसाठी असतात. अण्णा हसायचे.

अण्णांचं स्टँडवर चहाचं हॉटेल होतं, कोळशाच्या भट्टीवरचं. सगळा जन्म कोळशासमोर गेला. त्यांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. “सुमे, कोळशावर निळी जीभ दिसती तवर शेगडी उंबऱ्याच्या आत न्यायची न्हाय. आन् आत न्हेली की झडप पुरी लावायची न्हाय, खिडकी बी लावायची न्हाय. कोळशाचा दम कोंडला की त्यो माणसाचा दम घेतोय.” त्यांच्या हॉटेलात एकदा पावसाळ्यात शटर ओढून दोघं कामगार भट्टीजवळ झोपले होते; सकाळी त्यांना ओढून बाहेर काढावं लागलं. वाचले. पण तेव्हापासून अण्णा आमच्या घरातल्या शेगडीकडं सापाकडं बघावं तसं बघायचे. हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच पुढचं सांगताना मी दातओठ खाते.

त्या हिवाळ्यात मी बारावीला होते आणि शकूताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. तीच ही पूजा. मधली खोली बाळंतिणीची केली आणि आत्यांनी तिचा ताबा घेतला. खोलीला खिडकी एकच. तिच्या फटींत चिंध्या कोंबल्या, वरून जुनी वाकळ खिळ्यांनी ठोकली. दाराला दुसरी वाकळ. शकूताईच्या कानांना फडकं, कपाळाला फडकं. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा, बाळंतशोपा, वावडिंग. आत गेलं की डोळ्यांतून पाणी यायचं. पण खरं सांगायचं तर तो वास मला अजूनही आवडतो. ती ऊबही खोटी नव्हती. आमच्या माळावरची थंडी हाडात शिरते, आणि शेकानं बाळंतिणीच्या कमरेला किती बरं वाटतं ते मला पुढं माझ्या दोन बाळंतपणांत कळलं. म्हणून शेगडीवर माझा राग नाही. ती बिचारी लोखंडाची आहे.

मात्र त्या शेगडीला हात लावायचा नाही, असं मला बजावलेलं होतं. बाळंतिणीच्या शेगडीला कुमारिकेनं शिवू नये, असा आत्यांचा नियम. इतकी वर्षं झडप माझी, आणि जिथं तिची खरी गरज तिथं ती आत्यांच्या हातात गेली. आत्यांना झडपेचं एकच शास्त्र ठाऊक होतं: लावली की कोळसा पुरतो.

शकूताई पाचवीच्या आतच म्हणायला लागली, डोकं दुखतंय. आत्या म्हणाल्या, दूध चढतंय. ती म्हणाली, मळमळतंय. आत्या म्हणाल्या, डिंकाचे लाडू पचले नाहीत. ती म्हणाली, मला जरा अंगणात बसू द्या, बाहेर बरं वाटतं. आत्यांनी कपाळावर हात मारला. मग शेजारणी येऊन सांगून गेल्या की दृष्ट लागली असेल. झालं, मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि त्याच शेगडीत टाकल्या, त्याच बंद खोलीत! मी दाराबाहेर खोकत होते. आत शकूताई खोकत होती, तान्ही पोर खोकत होती, आणि आत्या समाधानानं म्हणत होत्या, “बगा, मिरच्यांचा ठसका न्हाय उठला. लई मोठी दृष्ट हुती.”

आमच्याकडं वाऱ्याइतकं बदनाम कुणी नाही. तोंड वाकडं झालं, वारं. पोराचं पोट फुगलं, वारं. बाळंतिणीचं डोकं दुखलं, तर एवढ्या बंदोबस्तातूनही वारं कुठून तरी शिरलंच असणार, मग उरलेली फटही बुजवा. अख्ख्या हिवाळ्यात कोळशाचं नाव कुणी घेतलं नाही. वाऱ्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या नावावर काहीही खपतं. बाळंतिणीला बोलता येतं, पण ती बोलली की म्हणतात, ओली बाळंतीण आहे, तिला काय कळतंय. मी शाळेत शिकवते, दिवसभर पोरांना गप्प बसा म्हणणं हेच माझं काम. तरी सांगते, माणसाला गप्प बसवण्याचा याहून पक्का उपाय मी पाहिलेला नाही.

मग येळवस आली. बाहेरच्या लोकांना सांगावं लागतं, की मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्या भागात घरं ओस पडतात आणि शेतं भरतात. भल्या पहाटे उठून पालेभाज्या-शेंगांची भज्जी शिजवायची, बाजरीचे उंडे करायचे, आंबील घुसळायची, आणि सगळं डोक्यावर घेऊन रानात जायचं. कडब्याच्या खोपीत पूजा, मग पंगती, मग हरभऱ्याच्या वावरातून नुसतं भटकणं. ज्याचं शेत नाही त्यालाही कुणी तरी हाताला धरून घेऊन जातं. त्या दिवशी गावात मागं राहणं म्हणजे शिक्षा. मी परीक्षेच्या नावाखाली राहिले, कारण शकूताई राहणार होती.

शेतातली पूजा घरातल्या थोरल्या बाईनं मांडायची, म्हणून आत्यांना जायलाच हवं होतं. मागं शेगडीकडं कोण बघणार? मला तर हात लावायची बंदी. मग आत्यांनी त्यांच्या मते शहाणपण केलं. शेगडी कोळशानं काठोकाठ भरली, वरून राख पसरली, आणि झडप पुरी लावून टाकली, म्हणजे सगळे रानातून येईपर्यंत निखारा जिवंत राहील आणि बाळंतीण उबेत राहील. खिडकीच्या वाकळेवर आणखी एक पोतं लावलं. असं शहाणपण फक्त येळवशीच्या सकाळी सुचतं, आणि ते फक्त आमच्याच घरांत सुचू शकतं.

मी ओसरीवर पुस्तक उघडून बसले होते. अण्णा आंबिलाचं बिंदगं हातात धरून त्या दाराच्या वाकळेसमोर थांबले. आत जाता येत नव्हतं. बारसं व्हायचं होतं, विटाळ होता.

“आक्का,” ते म्हणाले, “झडप उघडी हाय न्हवं?”

“अरं, बायकांच्या खोलीत तू कशाला डोकं घालतूस?” आतून आत्यांचा आवाज आला. “म्या काय पहिल्यांदा बाळंतपण करती का? चल, उशीर हुतोय.”

अण्णा उभे राहिले. वाकळ त्यांच्या नाकासमोर होती. एका बोटानं बाजूला झाली असती. मग त्यांनी बिंदगं डोक्यावर घेतलं आणि चालू लागले. ज्या माणसाला कोळशाची निळी जीभ ठाऊक होती, तो माणूस थोरल्या बहिणीच्या एका वाक्याला भिऊन रानात आंबील प्यायला गेला. माझं अण्णांवर फार प्रेम होतं. ते वारले तेव्हा मी आठवडाभर नीट जेवले नाही. तरीही त्या दोन पावलांचा राग मला आजही येतो, आणि तो यायलाच पाहिजे.

सगळे गेल्यावर गाव गप्प झालं. खोलीतून पोर रडायला लागली ती थांबेना. शकूताईनं हाक मारली. “सुमे, हिला घे गं जरा. माझं डोकं लई ठणकतंय.” तान्ह्या पोराला बाहेर काढायचं नाही, असा हुकूम होता. मी तो मोडला. वाकळेतून हात घालून पोर घेतली आणि अंगणात उन्हाला बसले. ऊन लागताच ती शांत झाली आणि झोपून गेली. पूजा रडकी होती म्हणून वाचली, हे मी तिला चेष्टेत सांगते. खरं कारण कधी सांगितलं नाही.

पोर दुधासाठी उठली तेव्हा मी आत गेले. शकूताई कुशीवर पडली होती, चेहरा लालसर, कधी नव्हे तो टवटवीत दिसत होता. उशीला ओकारी लागलेली. हाक मारली, हलवलं, गालावर मारलं. माझंच डोकं गरगरायला लागलं तेव्हा मी शेगडीकडं बघितलं. झडप पार आत बसली होती. मी पोरीला ओसरीवर ठेवलं, परत आत शिरले, खिडकीचं पोतं ओढलं, वाकळ खिळ्यांसकट फाडली, चिंध्या उपसल्या आणि दोन्ही दारं सताड उघडली. मग ओरडत सुटले. ओस गावात ऐकायला कोण? शेजारच्या रजियाचाची शिलाईमशीन टाकून भिंतीवरून उतरल्या. “ए पोरी, रडू नको, पाय धर तिचे. उनात घे पैले हिला,” असं म्हणून त्यांनी बाजेचं एक टोक उचललं. आम्ही दोघींनी बाज अंगणात ओढली. त्यांच्या मुलाची टमटम होती. त्यात घालून तिला उस्मानाबादला नेलं. तेव्हा सगळे उस्मानाबादच म्हणायचे.

घरचे शेतावरून तसेच दवाखान्यात आले, हातापायांना माती. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “खोलीत शेगडी होती का? खिडकी उघडी होती?”

“व्हय साहेब, हिनं उघडली!” आत्यांनी माझ्याकडं बोट केलं. “आमी समदी रानात, आन् हिनं एवढ्या थंडीत खिडकी सताड उघडली. बाळंतिणीला वारं लागलं.”

डॉक्टर आत्यांकडं वळले. मग म्हणाले, “आजी, खिडकी उघडली म्हणून ती जिवंत आहे. कोळशाचा गॅस चढलाय तिला.”

हे वाक्य आईनं ऐकलं, अण्णांनी ऐकलं, आत्यांनी ऐकलं, मी ऐकलं. स्वच्छ मराठीत होतं. पण दवाखान्याच्या फाटकाबाहेर ते वाक्य आलंच नाही. शकूताई शुद्धीवर आली, घरी आली, आठ-पंधरा दिवस बरी वाटली, आणि मग हळूहळू तिचे शब्द हरवायला लागले. हात थरथरायला लागला. मिठाच्या जागी सोडा, सोड्याच्या जागी मीठ. त्या दिवसाचं विचारलं तर नुसती बघत राहायची. आम्ही समजून चाललो की तिला त्यातलं काही आठवत नाही. भेटायला येणारे विचारायचे, काय झालं? घरचं उत्तर ठरलेलं: “बाळंतपणात वारं लागलं.” कसं लागलं? “खिडकी उघडली.” कुणी? आणि मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. झडप लावली आत्यांनी, बघून न बघितल्यासारखं केलं अण्णांनी, आणि गावभर गोष्ट झाली माझ्या खिडकीची.

शकूताईच्या सासरचे दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आलेच नाहीत. बाळंतपणात डोक्यावर परिणाम झालेली बाई, तिला काय नांदवायचं? नवऱ्याचं दुसरं लग्न लागलं. घरातल्या माणसांनी तेव्हा एकदा तरी तोंड उघडून सांगितलं असतं, की हिच्या डोक्यात काही नव्हतं, अंगात काही नव्हतं, आम्ही हिला कोळशाच्या दमात कोंडली, तर? ते लोक राहिले असते का नाही, मला माहीत नाही. पण शकूताईला वेडी म्हणायची सोय राहिली नसती. मी एकदा हे अण्णांना तोंडावर विचारलं. त्यांनी हात जोडले. “आक्का इधवा हाय, पोर न्हाय बाळ न्हाय, दुसऱ्याची बाळंतपणं करण्यात तिचा जल्म गेला. तिच्या माथ्यावर हे नगं घालूस.” बापानं हात जोडल्यावर पोरीनं काय करायचं? मी गप्प बसले. आत्यांचं नाव सांभाळायला शकूताईची तरणी वर्षं गेली. कोळसा उगाळावा तितका काळाच. तरी मी उगाळणार.

तर ती शेगडी यंदा माझ्या ओसरीवर उतरली. झडप गंजून अर्ध्यावर अडकली होती. मी तिला अंगणात घेऊन बसले. हात आपोआप चालायला लागले: खाच खरवडली, राखेचे खडे पाडले, विटेनं घासून झडप पार चकचकीत केली. मग पक्कड घेतली, खाचेचे दोन्ही ओठ बाहेर वाकवले, झडप ओढून काढली आणि भंगाराच्या पोत्यात टाकून दिली. इतकं घासलं कशाला मग, असं ह्यांनी विचारलं. सवय, दुसरं काय.

आत्या काठी टेकत आल्या. “अगं, काय केलंस हे? आता कोळसा घटकंत जळून जाईल की.”

“जळू द्या. दुसरा घालू.”

“तुजा बाप आसता तर बोलला आसता तुला.”

“अण्णा असते तर दाराबाहेर उभे राहिले असते आत्या,” मी म्हटलं. “नेहमीसारखे.”

पण त्यांनी ऐकलं मात्र नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी शाळेत गेले की खिडकी बंद. मी आले की उघडी. पुन्हा अंघोळीला गेले की बंद. एक दिवस तर फटीत माझ्याच ओढणीची घडी कोंबलेली सापडली. त्यात पूजाच्या सासूबाईंचा परंड्याहून रोज व्हिडिओ कॉल. बाळ बघायच्या निमित्तानं त्या खोली बघतात. “मागं पडदा हलतोय वाटतं? खिडकी लावा हो. तुमच्याकडं एकदा तसं झालेलंच आहे ना, म्हणून म्हणते.”

त्या ‘तसं झालेलंच आहे’नं पूजाचा चेहरा उतरतो. ती शाळेत असताना एकदा मला म्हणाली होती, “मावशी, मी झाले म्हणूनच आईचं असं झालं ना?” मी म्हटलं होतं, तसं नसतं गं, आणि भाकरी थापत राहिले होते, कारण अण्णांचे जोडलेले हात अजून घरातच होते. आता ते नाहीत. आता पूजा बाजेवर आहे, आणि तिलाही वाटतं की बाळंतपणात आईला वारं लागलं होतं, तेव्हा खिडकी बंद असलेलीच बरी. मी उघडते तेव्हा ती अंगावर शाल ओढून घेते आणि आत्यांकडं बघते. मला धडकी भरते ती तिथं. आत्यांनी झडप एकाच हिवाळ्यात लावली. आम्ही सगळ्यांनी गप्प बसून ती या पोरीच्या डोक्यात रोज लावत आलो. उद्या ही तिच्या सुनेच्या खोलीत चिंध्या कोंबेल.

परवा रविवार होता. दुपारची जेवणं झाली होती. मी बाळाची दुपटी घडी करत पूजाच्या खोलीच्या दारात बसले होते. आत्या आत, भिंतीला टेकून, पोराच्या टाळूवर तेल थापत. शेगडी बाजेशेजारी. मी मघाशी उघडलेली खिडकी पुन्हा लावलेली होती आणि मी उठून उघडायच्या बेतात होते. तेवढ्यात पूजा म्हणाली, “डोकं जड झालंय गं मावशी. दुखतंय मघापासून.”

“झोप न्हाय, दुसरं काय,” आत्या म्हणाल्या. “दूध बी चढतं या दिसांत.”

माझ्या हातातली दुपटी खाली पडली. पण माझ्याआधी शकूताई आली. ती स्वयंपाकघरात होती, तिचे हात पिठानं भरलेले होते. ती सरळ खोलीत शिरली, पदर हाताला गुंडाळला, वाकली, आणि निखाऱ्यांनी भरलेली शेगडी तिनं कड्यांना धरून उचलली. तिच्या हातातून साधी पाण्याची वाटी हिंदकळते. मी ओरडले, “ताई, ठेव, मी घेते!” तिनं ऐकलं नाही. ओसरी ओलांडून ती अंगणात गेली, मधोमध शेगडी ठेवली, परत आली आणि खिडकीची दोन्ही दारं ढकलून उघडली. गार वारा भस्सकन आत आला.

“अगं शके, वारं लागंल तिला!” आत्या ओरडल्या.

शकूताई खिडकीला पाठ करून उभी राहिली. शब्द सापडायला तिला वेळ लागतो. ओठ नुसते हलत राहिले. आम्ही थांबलो. आमच्या घरात तिच्या बोलण्यासाठी इतका वेळ कुणी थांबलं असेल असं मला आठवत नाही.

“ती म्हणली की,” शकूताई म्हणाली. “दुखतंय म्हणली.” पदरातून तिच्या तळव्याचा लाल चट्टा दिसत होता. “म्या बी म्हणलं हुतं.”

आत्यांचा तेलाचा हात पोराच्या टाळूवर तसाच राहिला होता. पूजानं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“कधी, मावशी? आई कधी म्हणाली होती?”

मी शकूताईला बाजेवर बसवलं, तिच्या तळव्यांना तूप लावायला घेतलं आणि तूप लावता लावता पूजाला सांगायला सुरुवात केली. झडपेपासून. काठोकाठ भरलेल्या कोळशापासून, वाकळेबाहेर थांबलेल्या अण्णांपासून, डॉक्टर काय म्हणाले तिथपर्यंत. आवाज चढवला नाही आणि कुणाचं नावही गाळलं नाही. कौशीआत्या समोरच बसल्या होत्या. त्यांनी मला एकदाही अडवलं नाही.